बैलाच्या चाकांची मोटार

कापसाचा हंगाम संपून जिनाचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा, भोंगा गप्प झाला की दिग्रसच्या दुपारी फार लांब व्हायच्या. हंगामात मी जिनाच्या वजनकाट्यावर बसायचो. गाड्यांची रांग, धूळ, भांडणं, आणि येणाऱ्या प्रत्येकाची एकच खात्री, की काट्यावरचा माणूस चोर आहे. पावसाळ्यात मात्र गोदामाची कुलपं जागच्या जागी आहेत एवढं पाहून मी जेवायला घरी यायचो, तो परत जायचोच नाही. छपराच्या कवेलूंच्या फटीत अडकलेली रुई कुठून तरी सुटायची आणि अंगणावरून तरंगत जायची. ती कुंपणापलीकडे जाईपर्यंत मी तिच्याकडे पाहत बसायचो. बायको म्हणायची, "अवो, कापूस काय आज पह्यल्यांदा पाह्यला?" मला राग यायचा. रिकाम्या माणसाला कोणी टोकलं की मला फार राग येतो, अजूनही.

ही साठ सालानंतरची गोष्ट. घरात आम्ही तिघंच. मी, बायको आणि बा, म्हणजे माझे वडील. आईला आम्ही याडी म्हणायचो. ती जाऊन काही वर्षं झाली होती. आमचं मूळ तांड्यातलं. आजा लदेणीवाला, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडणारा. त्याच्या मागे बाकी सगळे शेतीला लागले आणि बा तेवढा मोटारीला लागला. दिग्रसच्या एका कापूसवाल्या शेठजींची मोटार तो चालवायचा. आमच्या तांड्यातून स्टिअरिंग धरणारा तो पहिलाच. छप्पन साली आमचा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि शेठजींची मोटार भंगारात गेली. बाच्या लेखी यातली दुसरी गोष्ट मोठी होती. शेठजींनी जीप घेतली, जीपबरोबर नवा ड्रायव्हर घेतला, आणि बा घरी बसला.

घरी बसल्यावर त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी धूर, मग धुकं, मग नुसता उजेड आणि अंधार. डॉक्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की मोतीबिंदू पूर्ण पिकला आहे, येत्या हिवाळ्यात पुसदला डोळ्यांचं शिबिर आहे तिथे काढून टाका. आणखी एक वर्ष काढलंत तर आतल्या आत फुटेल आणि डोळे कायमचे जातील. मी घरी येऊन बाला हे जसंच्या तसं सांगितलं. तो बाजेवर पडल्या पडल्या म्हणाला, "मले आता कुठं मोटार चालवाची हाय?"

बायकोनं विनवून पाहिलं, मी ओरडून पाहिलं. बा प्रत्येक वेळी तेवढंच बोलायचा आणि कूस बदलायचा. पुढे पुढे तर तेवढंही बोलेना. दिवसभर ओसरीत पडून असायचा, ताट आणलं की जेवायचा, पाणी दिलं की प्यायचा. हिवाळा लांब होता म्हणून आम्ही गप्प होतो, पण मनातून मी घाबरलेला होतो. माणूस डोळ्यांनी आंधळा होण्याआधीच घरातून उठून गेला होता.

अशाच एका दुपारी, उघडीप होती, मी गाईच्या गव्हाणीजवळ बसलो होतो. समोर कडब्याची पेंढी. काही विचार नव्हता, हातानं आपला एक धांडा ओढला आणि दातानं साल सोलायला लागलो. ज्वारीच्या धांड्याची साल मोठी लबाड असते, सुरीसारखी कापते. बोट कापलं. तोंडात घातलं, तर रक्ताबरोबर धांड्याची ती जुनी पिठूळ गोडसर चव आली, आणि मी एकदम लहान झालो.

आमच्याकडे धांड्यांची गाडी प्रत्येक पोरानं केलेली असते. आतला पांढरा गाभा म्हणजे लाकूड, आणि सालीचे तुकडे म्हणजे खिळे. इतर पोरं छकडे करायची, दमण्या करायची. मी मोटारी करायचो, कारण माझा बाप मोटारवाला. बोनेट, दारं, मडगार्ड, सगळं. मग नोकरी लागली, लग्न झालं, आणि ते सुटलं. बाप्या माणूस धांडे सोलत बसला तर लोक हसतील. पण त्या दुपारी हसायला कोणी नव्हतं, आणि जो ओसरीत होता त्याला दिसत नव्हतं. सूर्य कलेपर्यंत माझी एक वितभर मोटार उभी राहिली. मधले दोन-तीन तास कुठे गेले ते मला कळलं नाही. असं सुख मला लहानपणानंतर झालंच नव्हतं, हे सरळ सांगतो.

मोटार गव्हाणीच्या कठड्यावर ठेवून मी झोपलो. सकाळी गाईनं ती खाऊन टाकली होती.

बायको पोट धरून हसायला लागली. ओसरीतून बानं विचारलं, "काय झालं वो?"

"काई नाई मामाजी. यायनं मोटार केलती, ते गाईनं खाल्ली."

मग बा म्हणाला, "मोटार? कोनती?"

कित्येक महिन्यांत त्यानं काही विचारलं नव्हतं. भाजी कोणती हेसुद्धा नाही. मी गाईच्या तोंडाकडे पाहत उभा राहिलो आणि ठरवलं, की शेठजींची मोटार करायची. धांड्यांची नाही, लाकडाची. डोळ्यांनी नाही पण हातांनी ओळखू येईल अशी, हुबेहूब.

आता हुबेहूब म्हणजे माप आलं, आणि माप घ्यायला मोटार कुठे होती? पण मापं माझ्याजवळ होती. लहानपणी दर इतवारी बा मोटार धुवायला नदीवर न्यायचा आणि मला मागच्या सीटवर बसवायचा. शेठजींच्या सीटवर मी! पाय खाली पोचायचे नाहीत. समोर आरशात मला बाचे डोळे दिसायचे; ते रस्त्यावर असायचे. नदीवर मोटार पुसून झाली की बा म्हणायचा, "लई पेट्रोल पेली आज. पाह्य बरं, वाढली का?" मग आम्ही दोघं तिला वितेनं मोजायचो. बोनेट तापलेलं असायचं म्हणून पुढचा भाग बाचा, आणि काचेपासून शेपटापर्यंत मागचा भाग माझा. मोजता मोजता ताल धरायचा आणि शेवटी दोघांनी मिळून ओरडायचं, "पुढं सात, मागं पंचवीस!" पाण्यावरून आवाज पलीकडच्या काठाला जायचा. पाढे मी विसरलो, पण हे कसं विसरेन?

तांड्यात माप हातानंच. बारा बोटांची एक वीत, हे याडीनं मला चुलीपुढे शिकवलेलं. तेव्हा माझा हिशेब सोपा होता. खऱ्या मोटारीची एक वीत, ते माझ्या मोटारीचं एक बोट. मी अंगणात मातीवर सात बोटं मोजली, पुढे पंचवीस मोजली, आणि काडीनं रेघ ओढली. बायको शेण टाकायला चालली होती, ती थांबून म्हणाली, "हे मोटार हाय का मालगाडी?"

"तू पाह्यली होती का ते मोटार?" मी म्हटलं. "नाई ना? मंग."

लाकूड पांगऱ्याचं आणलं, मऊ आणि हलकं. अडचण आली चाकांची. नीट गोल, सारखी, मधोमध भोक पाडलेली चार चाकं घरात होणं शक्य नाही. पण पोळा जवळ आला होता. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरं चाकांवरचे लाकडी नंदी सजवून ओढत नेतात. सुताराच्या दारात नंद्यांची रांग लागली होती. मी एका नंदीचं चाक बोटांनी मोजलं. खऱ्या मोटारीचं चाक तीन वितांच्या थोडं वर, हे तीन बोटांच्या थोडं वर. मी सुताराला म्हटलं, मला नुसती चार चाकं दे.

"बैल नाई पायजे?"

"नाई."

"मंग पोळ्याच्या तोंडावर मी बैलाचे पाय तोडू का?" सुतार म्हणाला आणि रंधा मारायला लागला. शेवटी मी अख्खा नंदी घेऊन आलो आणि घरी चाकं काढली. बायकोनं ते पाहिलं आणि माझ्याशी दिवसभर अबोला धरला. बिनचाकांच्या नंदीला तिनं कोनाड्यात बसवलं, हळदकुंकू लावलं, पुढे पुरणाची पोळी ठेवली. बाच्या कानावर सगळं गेलंच होतं. तो आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "माह्या बापाचे बैल जिंदगीभर दुसऱ्याचंच वझं वाह्यत गेले. हा मेला तं मोटार वाह्यते." आणि हसला नाही, पण कूसही बदलली नाही.

त्यानंतरच्या दुपारी मी आठवतो तेव्हा त्या एकाच लांब दुपारसारख्या वाटतात. ओसरीत ऊन पायरीवरून वर यायचं आणि बाच्या बाजेच्या पायाशी थांबायचं. मी पटाशीनं कोरायचो, कानशीनं घासायचो, काचेच्या तुकड्यानं खरवडायचो. पांगऱ्याचा भुसा रुईत मिसळून उडायचा. मडगार्ड रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचे. दिवे म्हणजे सोड्याच्या बाटलीतल्या दोन गोट्या. रंग कापसाच्या गाठींवर शिक्के मारायच्या काळ्या शाईत नीळ कालवून केला, पिकल्या जांभळाचा. माझं डोकं एरवी भांडणानं भरलेलं असतं. त्या दुपारी त्यात काहीच नसायचं. मधेच बा विचारायचा, "आता काय घासून राह्यला?" मी सांगायचो, डाव्या बाजूचं दार. तो म्हणायचा, "ते दार जरा खाली लटके." मग मी ते दार जरा खाली लटकवायचो.

आरशाला मात्र काही मिळेना. एक दिवस बायको आतून मुठीत काहीतरी घेऊन आली. याडीची फाटकी कांचळी तिनं जपून ठेवली होती, आमच्या बायका घालतात ती आरशांनी भरलेली चोळी. तिच्यातला एक बोटाच्या पेराएवढा आरसा तिनं उसवून आणला होता. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती म्हणाली, "पाहून काय राह्यले? लावा." तिचा नंदीचा राग गेला होता.

दसऱ्याला मोटार झाली. दरवर्षी दसऱ्याला बा शेठजींच्या मोटारीला हार घालायचा, लिंबू चाकाखाली ठेवायचा. बायकोनं झेंडूचा लहानसा हार केला, मोटारीला घातला, आणि मी ती बाच्या मांडीवर ठेवली. बा उठून बसला. त्यानं आधी दोन्ही हात धोतराला पुसले.

तो पुढून निघाला. गोट्यांवर अंगठे फिरवले. "दिवे," म्हणाला. बोनेटवर तळवा ठेवला आणि झटकन उचलला, तापलेलं असल्यासारखा. मग स्वतःच मान हलवली. दाराला बोट लावलं, ते लटकलेलं दार त्याला सापडलं. काचेच्या जागेतून करंगळी आत घातली आणि ती स्टिअरिंगवर टेकली. तिथे तो खूप वेळ थांबला. मग त्याचं नख आरशाला लागलं.

"हे कायचं?"

"सासूबाईच्या कांचळीतलं हाय, मामाजी," बायको म्हणाली.

बाचा हात मागे सरकायला लागला. सरकतोय, सरकतोय. दुसरं दार, मागची सीट, तरी सरकतोय. बाच्या कपाळाला आठी पडली. "अन् हे? हे सरन कवा?" आणि तो हसायला लागला. इतका, की खोकला लागला. "पूरा तांडा बसवला का रे मांगं?"

मी चिडलो. एवढे दिवस मान मोडून केलेलं काम. "मोजून केलं बा. पुढं सात, मागं पंचवीस. तूच तं म्हने!"

"मोजलं, पन कोनाच्या वितेनं?" बा म्हणाला. "पुढचे सात माह्ये. मांगचे पंचवीस तुहे. केवढासा होता तू!" आणि त्यानं हात पसरून हवेत, बाजेच्या जरा वर, माझी उंची दाखवली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढची मोटार मी बापाच्या हातानं मोजलेली होती आणि मागची एका पोराच्या हातानं, आणि दोन्ही मी आजच्या माझ्या बोटांनी एकाच लाकडात कोरून काढल्या होत्या. काट्यावर बसणारा माणूस मी! बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. मी मोटार उचलायला गेलो आणि म्हटलं, "दे इकडं. मोडतो अन् पुन्हा करतो."

"मोडू नको." बानं तिच्यावर दोन्ही हात ठेवले. "तुले तेवढीच मोठी दिसली असन. राहू दे." झेंडूच्या हाराशी तो चाळा करत बसला. मग म्हणाला, "आरशात मांगची सीट दिसते का?"

मी वाकून पाहिलं. बाहेरून पाहिलं तर मला माझाच डोळा दिसत होता. माझा राग अजून गेलेला नव्हता. "मले काय माहीत?" मी म्हटलं. "ते ड्रायव्हरच्या जाग्यावरून पाहा लागते. ड्रायव्हर तू हाय."

हे मी त्याला समजावायला म्हटलं नव्हतं, निव्वळ तिरसटपणानं म्हटलं होतं. बाचा अंगठा आरशावरून फिरत राहिला. सोनं द्यायला शेजारपाजारचे आले, गेले. संध्याकाळी ताटावर बसल्यावर त्यानं पहिला घास घेतला आणि म्हणाला, "ते पुसदचं शिबिर कवा हाय म्हनत होता?"

थंडी पडल्यावर आम्ही एस.टी.नं पुसदला गेलो. शाळेच्या वर्गांत बाकं काढून तणसावर अंथरुणं घातली होती. ऑपरेशननंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून ठेवत, हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. बा मोठ्या शिस्तीत राहिला. शेजारचा म्हातारा त्याला विचारायचा, डोळे आल्यावर पहिलं काय पाहशील, देव का नातू? बा म्हणायचा, "मांगची सीट." म्हाताऱ्याला वाटलं, याला भूल जरा जास्त झाली.

पट्टी निघाली, डोळ्यांवरचा हिरवा पडदा निघाला, आणि बऱ्याच दिवसांनी जाड भिंगांचा चष्मा आला. तो पहिल्यांदा घातला त्या सकाळी बा अंगणात उन्हाला बसला होता. भिंगांमागे त्याचे डोळे हे एवढे मोठे दिसत होते. त्यानं गाईकडे पाहिलं, कवेलूंकडे पाहिलं, सुनेकडे पाहून "वाळली वो तू" म्हणाला. मग मोटार मागितली.

मी ती आणून समोर धरली. त्यानं तोंड जवळ आणून ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीतून आत पाहिलं, आरसा बोटानं जरासा तिरपा केला. हंगाम सुरू झाला होता; लांब जिनाचा आवाज येत होता आणि त्याच्या चष्म्यावर रुईचा एक तंतू येऊन बसला होता.

"दिसते," तो म्हणाला. "लांबच लांब दिसते."

पण मोटार त्यानं घेतली नाही. ती खालून धरलेल्या माझ्या हातांकडे तो पाहत होता. "ठेव ते खाली," म्हणाला. "हात इकडं कर." माझा उजवा हात त्यानं स्वतःच्या मांडीवर पालथा घातला, एकेक बोट ओढून ताणून वीत केली, आणि शेजारी आपला हात पसरला. माझी वीत त्याच्या वितेहून बोटभर मोठी होती.

"केवढा झाला रे तुहा हात," बा म्हणाला.

मला हसू आलं. "बा, तीस वर्साचा झालो मी. हात कवाचाच एवढा हाय. तुले काय आज दिसला?"

"आजच दिसला." माझा हात त्यानं सोडला नाही. "डोळे होते तवा रस्ताच पाहात राह्यलो."